कोतवाल बुकात नसलेले आजोबा

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. पेढे खायला या म्हणून नव्हे. पलीकडे कुणाचे तरी आईवडील रडकुंडीला आलेले असतात. "मॅडम, ते कोतवाल बुकाची नक्कल कशी काढाची असते वो?" मी चंद्रपूरला एका खासगी शाळेत मराठी शिकवते. विभक्ती, समास आणि वृत्तं यांत माझी अर्धी हयात गेली, पण त्यातलं काही विचारायला आजवर एकाही माणसाने फोन केलेला नाही. कोतवाल बुकाचा शिक्का मात्र माझ्यावर असा बसलाय, की परवा भाजीबाजारात एका अनोळखी बाईने मला हातातली वांगी खाली ठेवायला लावली आणि पिशवीतून अर्ज काढून दाखवला.

मी आधी चिडते, मग सांगते. सांगता सांगता पुन्हा चिडते, कारण एका वर्षीचा जुलै डोळ्यांसमोर येतो.

जुलैत आमच्या झाडीपट्टीत दोन रोवण्या एकदम चालतात. एक धानाची, दुसरी कागदांची. एसटीच्या खिडकीतून बाहेर पाहिलं तर बांधीबांधीतून वाकलेल्या बायांच्या रांगा दिसतात, चिखलाचा आणि परह्यांचा, म्हणजे धानाच्या रोपांचा, ओला हिरवा वास येतो. आणि गाडीच्या आत प्रत्येक मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक फाईल असते. बाहेरच्या रोवणीचं निदान पीक तरी ठरलेलं असतं. आतल्या माणसाला विचारावं, कुठे निघालात, तर म्हणतो, "व्हॅलिडिटीले."

ज्यांना हा शब्द ठाऊक नाही ते सुखी. जातीचा दाखला एक असतो, आणि तो दाखला खरा आहे असं सांगणारा दुसरा दाखला असतो. या दुसऱ्यालाच व्हॅलिडिटी म्हणतात. पहिला सरकारच देतं. मग सरकारचाच त्यावर विश्वास बसत नाही, म्हणून दुसरा मागतं. त्यासाठी पुरावा हवा, तोही जुना. आमच्यासारख्यांना एकसष्ट सालाच्या आधीचा. एकसष्टच्या आधी आमच्या घरात शाळेचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, जमिनीचा तुकडा नव्हता, की कोर्टकचेरी नव्हती. आम्ही ढिवर. आमची माणसं तलावात जाळी टाकत होती, आणि मासळीवर जात लिहिलेली नसते. मग उरतं ते कोतवाल बुक. पूर्वी गावचा कोतवाल ठाण्यावर जाऊन गावात कोण जन्मलं, कोण मेलं ते सांगे, आणि तिथला लिहिणारा ते वहीत उतरवून घेई. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. त्या ओळीची नक्कल मिळाली तर लेकराचं कॉलेज, नाही तर रामराम.

तो जुलै रोशनीचा होता. रोशनी माझ्या धाकट्या भावाची, दिवाकरची मुलगी. तिला नर्सिंगला सरकारी कॉलेजात जागा लागली होती. आमच्या सगळ्या नात्यात दवाखान्यात आजपर्यंत जो गेला तो खाटेवरच गेला. पांढरे कपडे घालून पायाने चालत जाणारी ही पहिली. जागा राखीव होती, आणि मुदतीच्या आत व्हॅलिडिटी दिली नाही तर ती दुसऱ्या कुणाला जाणार होती.

मी गावी गेले तेव्हा दिवाकर गुडघाभर तलावात उभा राहून बोटुकली सोडत होता. बोटुकली म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं. वर्षाचं सगळं पोट त्या पिल्लांवर. हात वर न काढता तो म्हणाला, "ताई, तूच पाह्य. मले त्या ऑफिसात गेलो का माह्यं नाव बी आठवत नाई."

"आणि मला आठवतं?"

"तुले राग येते. राग आला का तुले सारं आठवते."

झालं. बाबांचा शाळेचा दाखला होता, पण त्यांना शाळेत घातलं तेच एकसष्टनंतर. शिवाय त्यांची जन्मतारीख एक जुलै. आमच्या गावात निम्मं गाव एक जुलैला जन्मलेलं आहे, कारण शाळा उघडली की गुरुजी पोराची उंची पाहायचे आणि तारीख टाकून मोकळे व्हायचे. तो कागद नुसता सोबतीला. खरा पुरावा हवा होता तो आजोबांचा. आजोबांचं नाव उकंडू. मच्छीमार सोसायटीच्या सभासदांत 'उकंडू वल्द सोमा', म्हणजे सोमाचा मुलगा उकंडू, असं ते होते, पण सोसायटीही एकसष्टच्या नंतरची.

आता आजोबा जन्मले वैनगंगेच्या अलीकडे आणि घरजावई होऊन गेले पलीकडे. तेव्हा दोन्ही काठ एकाच चांदा जिल्ह्यात होते. पुढे गडचिरोली वेगळा झाला. गावं वाटली गेली. कागद वाटले गेले की नाही, हे ज्याला त्याला विचारत मी हिंडले. पलीकडे विचारलं तर अलीकडे जा म्हणत. अलीकडे विचारलं तर "तुमचं गाव आमच्याकडे येतच नाही" म्हणत. नदीवरच्या पुलाला जर तोंड असतं तर त्याने मला नावानिशी हाक मारली असती, इतकी मी त्यावरून गेले आणि आले.

शेवटी एका तालुक्याच्या ऑफिसात वही सापडली. ऑफिसचं नाव सांगत नाही. उद्या पुन्हा काम पडेल. सापडली म्हणजे ती तिथे आहे एवढं कळलं. रेकॉर्डचा कारकून तोंडाला दुपट्टा बांधून बसला होता, कारण ते कागद हलवले की कसर आणि धूळ नाकात जाते.

"वर्ष सांगा, बाई."

"वर्ष माहीत असतं तर मी इथे कशाला आले असते?"

"मंग वर्षाशिवाय मी काय हुडकू? हे का पंचांग हाय?"

त्याचंही बरोबर होतं, आणि तेच जास्त संताप आणणारं होतं. मी वर्ष शोधायला आमच्या सीताआत्याकडे गेले. सीताआत्या माझ्या बाबांची थोरली बहीण, आजोबांची पहिली लेक. सत्तरी कधीच ओलांडलेली, दात गेलेले, आवाज मात्र तलावाच्या पलीकडच्या पाळीपर्यंत पोचणारा. आजोबा कधी जन्मले विचारलं तर म्हणाली, "गावचा तलाव फुटला ना, त्याच्या दुसऱ्या साली. मोहफुलं पडून राह्यले होते तेव्हा."

"आत्या, तलाव कधी फुटला?"

"बुवा जन्माच्या आंधीच्या साली, नाई का?"

बुवा म्हणजे तिचे वडील, आमचे आजोबाच. मी डोक्याला हात लावला. कारकुनाला जाऊन सांगितलं तर तो म्हणाला, तलाव फुटल्याची तारीख पाटबंधारेवाल्यांना विचारा. मी पाटबंधारेवाल्यांकडेही गेले, इतकं मला वेड लागलं होतं. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि तलाव आपल्या खात्याचाच नाही असं सांगितलं. सरकारी काम, सहा महिने थांब असं म्हणतात. पण सहा महिने थांबायला रोशनीजवळ सहा महिने नव्हते.

पाऊस झडीचा होता. ऑफिसच्या व्हरांड्यात ओल्या छत्र्यांच्या खाली आमच्यासारखीच माणसं उकिडवी बसलेली असत. कुणी धान अर्धवट रोवून आलेलं, कुणी मजुरी बुडवून. आलापल्लीकडून आलेला एक गोंड म्हातारा रोज माझ्याशेजारी बसे. तो आपल्या बापाला शोधत होता, मी माझ्या आजोबांना. एकदा तो मला म्हणाला, "बाई, जित्ता होता तवा बी असाच सापडे नाई." हसू आलं, आणि हसल्याचा रागही आला.

शेवटी कारकून माझ्या तोंडाला कंटाळला असावा. त्याने अंदाजाने सहासात सालांच्या वह्या काढून माझ्यापुढे आपटल्या आणि म्हणाला, "पाहा तुम्हीच. पान फाटलं तं जबाबदारी तुमची."

मी पाहायला लागले. कागद पापडासारखे झाले होते. शाई तपकिरी पडलेली, अक्षर तिरकं, घाईचं. आणि दुसऱ्याच वहीत पणजोबा सापडले. 'सोमा, मुलगा.' सोमाला मुलगा, म्हणजे हे आजोबाच, असं वाटून मला इतका आनंद झाला की मी कारकुनाला हाक मारली. तो आला, त्याने बोट खाली नेलं, मग शेजारचं पान उलटलं. तिथे मृत्यूच्या नोंदी होत्या. 'सोमा याचा मुलगा. ताप.' मधे पुरता पंधरवडाही गेलेला नव्हता.

पुढच्या साली सोमा पुन्हा होते. 'मुलगी.' आणि पलीकडे, 'सोमा याची मुलगी. ताप.' त्यानंतरच्या वहीत आणखी एक मुलगा, आणि तिच्या पुढच्या वहीत आणखी एक. दोघांच्याही समोरचं पान उलटायची मला हिंमत होईना. कारकुनाने उलटलं. त्याचा आवाज जरा खाली आला. "हे बी गेलं, बाई."

आजोबांच्या आधी चार लेकरं येऊन गेली होती हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. निदान मला नव्हतं. मी एका माणसाला शोधायला आले होते आणि ही चौघं मिळाली, ज्यांना मी मागितलंही नव्हतं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त वाटली ती चीड. एवढ्या सगळ्यांना लिहिलं, मग जगलेल्यालाच कसं नाही लिहिलं? कारण त्यापुढच्या दोन्ही सालांत सोमाचं नावच नव्हतं.

"नाई हाय बाई, तुमचे आजोबा."

"नाहीत कसे? मी त्यांच्या मांडीवर बसून मासे खाल्लेत."

"खाल्ले असान. पण बुकात नाई."

मी तशीच तडक सीताआत्याकडे गेले. ती ओसरीत बसून वाळलेल्या झिंग्यांतले खडे वेचत होती. मी सगळं सांगितलं. चार लेकरं म्हटल्यावर तिचा हात एकदा थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"बुवाचं नाव कसं राहीन तिथी? बुढीनं लिवूच नाई देल्लं."

बुढी म्हणजे आत्याची आजी, माझी पणजी. हातातले झिंगे बाजूला ठेवून आत्याने सांगितलं ते असं. पणजीला लिहितावाचता येत नव्हतं, पण हिशेब पक्का होता. लेकरू झालं की कोतवाल यायचा, नोंद न्यायचा, आणि थोड्या दिवसांत ते लेकरू जायचं. पहिल्याचं तसं झालं, दुसरीचं तसं झालं, चौथ्यापर्यंत तसंच झालं. दायी तीच, खाट तीच, नवरा तोच, पण त्यातलं कशाचं नाव पणजीने घेतलं नाही. तिने धरलं ते कोतवालाचं बुक. त्यात लिहिलं की मरतं. यम ते बुक वाचून येतो आणि बापाचं नाव पाहून घर हुडकतो, असा तिचा ठाम समज झाला. म्हणून पाचवं झालं तेव्हा तिने दोन कामं केली. एक सगळेच करतात. लेकरू उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर टाकलं, आणि शेजारच्या कुंभारणीने ते उचलून मूठभर कोंड्यात विकत घेतलं. त्यावरून नाव उकंडू. दुसरं काम फक्त आमच्या पणजीलाच सुचलं असेल. तिने कोतवालाचे पाय धरले आणि म्हणाली, भाऊ, पोरगा कुंभाराच्या घरी झाला म्हणून लिव्ह.

"आणि त्यानं लिहिलं?"

"लिवलं तं. त्याले बी दया आली असंन. बुवा मंग पंच्याहत्तर साल जगला, नाई?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. "आत्या," मी जवळजवळ ओरडले, "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस कुठी? तू तं तलाव कधी फुटला थे इचारून राह्यली होतीस."

दुसऱ्या दिवशी मी वही उघडून कुंभाराची नोंद काढली. होती. मुलगा, आई-बाप खुशाल, जात कुंभार. माझे आजोबा, नाकीडोळी सगळे ढिवर, सरकारदरबारी कुंभाराच्या घरी जन्मलेले. त्या कुंभाराचा नातू अजून त्याच गावात आहे. तो म्हणाला, "हो हो, आमच्या आजीले उकंडूबुवा माय म्हने. दिवाळीले वाम मासा आणून दे. मी देतो ना बाई लिवून, तो आमचा नोहे म्हणून." बिचारा सही करायला पेन उघडून बसला. पण सरकारी वही खोटी आहे असं लिहून देणारा कागद सरकारला चालत नाही. कारकून म्हणाला, "हे नोंद पायजे असंन तं घेऊन जा. पण मंग तुम्ही कुंभार."

पणजीवर मी तेव्हा जितकी संतापले तितकी आजवर कुणावर संतापले नसेन. यमाला फसवलंस ते ठीक, बाई. पण तुझ्या पणतूच्या पोरीपर्यंत सगळ्यांना फसवून ठेवलंस त्याचं काय? आणि संतापता संतापता लक्षात येई, की तिने फसवलं नसतं तर संतापायला मी नसते. आजही फोनवर कुणी विचारलं, की "मॅडम, आमच्या आजोबाचं नावच नाई बुकात, असं कसं?" तर मी विचारते, त्यांच्या आधीची किती गेली? घरात कुणी कधी विचारलेलंच नसतं.

मुदत जवळ आली. मी आता हट्टाला पेटले होते. आजोबांची ती नोंद खोटी ठरवायची, वकील करायचा, कुंभाराला उभं करायचं, असं काय काय ठरवत मी दिवाकरच्या अंगणात फेऱ्या मारत होते. रोशनी खाटेवर माहितीपत्रक घेऊन बसली होती. ती कधी आवाज चढवत नाही. तिने मला दोनदा हाक मारली.

"आत्या, तुले उकंडू पणजोबा पायजे का जात पायजे?"

"म्हणजे?"

"इथी लिवलं हाय, बापाकडल्या रक्ताच्या नात्यातलं कोणी बी चालते. पणजोबाच पायजे असं नाई. थे पोरगी चालन ना? सोमाची?"

माझ्या फेऱ्या थांबल्या. गेल्या कित्येक दिवसांत मी तिची जागा विसरूनच गेले होते. मला आजोबा हवे होते, आणि जागा हवी होती ती तिला. त्या चार नोंदींपैकी तीन मुलांच्या ओळींत जातीचा रकाना वाळवीने खाल्लेला होता. मुलीचं पान मात्र धड होतं. सोमा, ढिवर, मुलगी. जन्माची नक्कल मिळाली. सोसायटीच्या कागदात उकंडू सोमाचा मुलगा होताच. म्हणजे उकंडूची बहीण ढिवर, तर उकंडूही ढिवर. एवढं सोपं होतं. काही दिवसच जगलेली ती पोर आमच्या सगळ्या खानदानाची साक्षीदार निघाली.

पुढचं सगळं रीतसर झालं, आणि रीतसर म्हणजे उशिरा झालं, पण मुदतीत झालं. व्हॅलिडिटी आली. रोशनी आता तिसऱ्या वर्षाला आहे, आणि सुटीत आली की दिवाकरचं ब्लडप्रेशर पाहून त्याला मीठ कमी खा म्हणून सांगते. तो ऐकत नाही. तरी त्या जुलैतलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते अर्जनविसाचं टेबल.

वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. घरातलं सगळ्यात थोरलं माणूस म्हणून अंगठा सीताआत्याचा. तिला आम्ही गाडीवर मधे बसवून आणलं होतं. छपरावर पाऊस वाजत होता, अर्जनवीस टाईप करत होता. सोमा. सोमाचा मुलगा उकंडू. सोमाची मुलगी, आणि तो थांबला. "मुलीचं नाव?"

"नाव नाही," मी म्हणाले. "नकलेत नाही."

"नाव काऊन नाई?" आत्या एकदम म्हणाली.

"आत्या, बारशाच्या आधीच गेली ना ती."

"मंग नावच नाई तिले?"

अर्जनवीस समजुतीने म्हणाला, "आजी, नकलेत जे नाई थे मले लिवता येत नाई. उद्या तुमच्याच पोरीले अडचण होईन." आणि त्याने टाईप केलं, मुलगी, नाव नाही.

आत्या त्या ओळीकडे बघत राहिली. वाचता तर येत नव्हतं, म्हणून तिने बोट ठेवून विचारलं, "हेच का थे?" मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, "थे माही आत्या होय ना वो?"

मी कधी तसा विचारच केला नव्हता. आजोबांची बहीण म्हणजे सीताआत्याची आत्या.

"बुवाले बहीण नाई म्हणून माह्या बारशाले नाव ठेवाले कोणी नोहोतं. कुंभाराच्या पोरीले बलावून आणलं होतं. मी साऱ्याइचे नावं ठेवले. तुह्यं ठेवलं, दिवाकरचं ठेवलं. मले वाटे, आपल्याले आत्याच नाई."

तिने शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि दाखवलं तिथे उठवला. मी कागद ओढायला लागले तर तिने माझा हात बाजूला केला. टेबलावर दोन्ही कोपर टेकून ती खाली वाकली, पदर पुढे घेतला, आणि त्या ओळीच्या अगदी जवळ तोंड नेऊन काहीतरी पुटपुटली. पाळण्यातल्या लेकराच्या कानात सांगतात, तसं. अर्जनवीस शिक्का हातात धरून थांबला.

"काय नाव ठेवलंस?" मी विचारलं.

"तुले काऊन सांगू?" आत्या पदर सारखा करत म्हणाली. "जिचं तिले सांगतलं."